ओंडक्यातला गहू

लग्न ठरल्याच्या मेजवानीत रविवारी संध्याकाळी आठ वाजता केक कापला गेला. नऊ वाजायच्या आत होणारी सून बाथरूमच्या फरशीवर पडली होती. उलट्या थांबत नव्हत्या, ओठ पांढरेफटक पडले होते. तिला इस्पितळात नेलं, सलाइन लावलं आणि सोमवारी दुपारी घरी सोडलं.

बुधवारी सकाळी तिच्या होणाऱ्या सासूबाई टाचणीच्या ऑफिसात येऊन बसल्या.

टाचणी म्हणजे खासगी तपास करणारी बाई. दारावरच्या पाटीवर तिचं पूर्ण नाव आहे, पण त्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. विमा कंपनीत असताना खोट्या दाव्यातल्या नेमक्या जागी ती बोट ठेवायची, तेव्हापासून हे नाव पडलं. समोरच्या टेबलाशी तिच्या बहिणीचे यजमान बसतात, भाऊजी. निवृत्तीनंतर बायको घरात बसू देईना, म्हणून ते इथे येतात. गाडी चालवतात, चहा सांगतात आणि गुन्हेगार पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात. त्यांचा गुन्हेगार आजवर एकदाही खरा निघालेला नाही.

आलेल्या बाईंचं औषधांचं दुकान होतं. त्यांनी पर्समधून प्लास्टिकच्या चार पिशव्या काढल्या आणि टेबलावर ओळीने मांडल्या.

"हे काय?" भाऊजींनी विचारलं.

"पीठ, चॉकलेट, क्रीम आणि उरलेला केक. पहिल्या तिन्हींत ग्लूटेन नाही. चौथ्यात आहे. चाचणीपट्टीवर दोनदा बघितलं."

"ग्लूटेन म्हणजे ते—"

"गव्हातला चिवट भाग. त्याच्यामुळे कणीक ताणली जाते. माझ्या सुनेला, म्हणजे होणाऱ्या सुनेला, तो चालत नाही. नखरे नव्हेत, आजार आहे. चिमूटभर पोटात गेला तरी आतडी सोलून निघतात."

"म्हणजे घातलं ते सगळं स्वच्छ," टाचणी म्हणाली, "आणि तयार झालं ते मात्र नाही."

"तेच तर. मी जन्मभर लोकांना औषधं दिली. इकडची गोळी तिकडे झाली नाही कधी. आणि माझ्याच घरात, माझ्या हातचं खाऊन..." बाई थांबल्या. पण डोळे कोरडे होते. "व्याही इस्पितळात सगळ्यांसमोर म्हणाले, एक तर तुम्ही निष्काळजी आहात, नाहीतर तुमच्या घरात कोणाला तरी माझी मुलगी नको आहे. काय ते शोधून सांगा, मग लग्नाचं बघू."

"आणि मुलगी काय म्हणाली?"

"काहीच नाही. तेच लागलं मला. ती कुणाकडेही गेली तरी स्वतःचा डबा नेते. रविवारीही डबाच खाल्ला तिने. फक्त केक माझा खाल्ला. म्हणाली, आई, तुमच्या हातचं मी डोळे मिटून खाईन."

टेबलावरच्या पंख्याने एक पिशवी हलली. बाईंनी ती पुन्हा ओळीत ठेवली.

"तुम्हाला माझ्याकडून काय हवंय?" टाचणीने विचारलं.

"माझ्या हातून झालं की नाही, एवढंच. झालं असेल तर जाऊन माफी मागेन. नसेल तर कोणाच्या हातून झालं ते."

"ते नाव तुम्हाला आवडलं नाही तर?"

"औषध कडू आहे म्हणून कोणी बदलून मागतं का?"

टाचणीला हे उत्तर आवडलं. तिने खुर्ची पुढे ओढली. "केक कसा केलात ते सांगा. पहिल्यापासून. हाताने केलं ते सगळं."

बाईंनी सांगितलं. घरातला गहू आठवडाभर आधीच बाहेर गेला होता. ट्रे नवा, भांडी नवी, सुरी नवी, नॅपकिनसुद्धा नवा. अंडी, साखर, कडू चॉकलेट, कोको आणि बदामाचं पीठ, बाकी काही नाही. ट्रेमध्ये पातळ थर भाजायचा. नॅपकिनवर कोको भुरभुरून त्यावर तो गरम थर उलटा करायचा.

"काही जण पिठीसाखर भुरभुरतात. मी नाही. साखरेला पाणी सुटतं. मग कडा कडक झालेल्या असतात, त्या कापून काढायच्या. गरम आहे तोवरच नॅपकिनसकट गुंडाळी करायची आणि निवू द्यायची. निवल्यावर उलगडायची, आत क्रीम लावायचं, नॅपकिनशिवाय परत गुंडाळायची. वरूनही तेच क्रीम, आणि काट्याने रेघा. झाडाच्या ओंडक्यासारखं दिसतं. समारंभाला शोभतं."

भाऊजींची नजर चौथ्या पिशवीकडे गेली.

"गुंडाळी केलीत तेव्हा जवळ कोण होतं?"

"तीच. होणारी सून. दुपारी डोकावली होती. कापलेल्या कडा तिने उभ्या उभ्या फस्त केल्या. क्रीमचा चमचाही चाटला. मग ती तिच्या वर्गाला गेली, पोहायला शिकवते ती. मी दुकानात गेले. घरात आमचे हे आणि माझी नणंद. संध्याकाळी मुलगा आला, त्याने उलगडून आतलं क्रीम लावलं. मी परत येऊन वरचं केलं."

बाई गेल्यावर भाऊजी टेबलावर वाकले. "नणंद," ते म्हणाले.

"तुम्ही तिला अजून बघितलंही नाही, भाऊजी."

"मेहुणीबाई, नणंदेला बघावं लागत नाही."

*

तरणतलावाच्या काठावर एक उंच मुलगी खुर्चीत बसली होती आणि पाण्यातल्या मुलांवर ओरडत होती. पाण्यात उतरायची परवानगी डॉक्टरांनी अजून दिली नव्हती.

"गुडघे वाकवू नका रे! बेडूक नाही तुम्ही!" मग टाचणीकडे वळून, "विचारा काय ते. मी सगळं सांगेन, पण आईंना त्रास होईल असं काही माझ्या तोंडून काढून घेऊ नका."

"दुपारी कडा खाल्ल्या. त्यानंतर काही त्रास?"

"काही नाही. दोन वर्ग घेतले, पाण्यात होते. माझं शरीर उधारी ठेवत नसतं. जे चालत नाही ते खाल्लं की तासाभरात वसूल करतं."

"आणि केक खाल्ल्यावर तासाभरात वसूल केलं."

"व्याजासकट."

"चव कशी होती केकची?"

मुलीने जरा विचार केला. "छान होती. पण खरं सांगू? दुपारच्या कडा जास्त चांगल्या होत्या. केकमध्ये जिभेला मधूनच कोरडं, पिठूळ काहीतरी लागत होतं. मला वाटलं बदाम असेल."

"तुमचे वडील लग्न मोडतील?"

"बाबा रागावलेत. मी रागावलेली नाही, मी घाबरलेय." ती पाण्याकडे बघत राहिली. "चुकून झालं असेल तर माझी काही तक्रार नाही. माझ्या आईकडूनही एकदा झालं होतं. पण कोणी मुद्दाम केलं असेल, किंवा करून गप्प बसलं असेल, तर त्या घरात रोज ताटावर बसायचं कसं? प्रत्येक घासाला चेहरे वाचत बसू?"

टाचणीने मान हलवली. परत निघताना भाऊजी म्हणाले, "गुणी मुलगी आहे."

"हुशारही आहे. तिने आपलं अर्धं काम केलं."

"कधी?"

"कडा खाल्ल्या तेव्हा."

*

घर बैठं होतं, मागे गाडीची शेड. बाईंनी आधी बाथरूममध्ये नेलं. धुण्याची पावडर लिंबाच्या वासाची होती, वास नाकात बसत होता.

"सोमवारी सकाळी या धुण्याच्या टोपलीत तळाशी हा सापडला." त्यांनी एक पिशवी उघडली. आत नवा पांढरा नॅपकिन होता, जाळीदार विणीचा. त्यावर कोकोचे डाग होते आणि एका बाजूला केकची साल तळहाताएवढी चिकटून वाळली होती. "मी लगेच बाजूला काढून ठेवला. पट्टी लावून बघितली. यावरही ग्लूटेन नाही."

"मग नॅपकिन सुटला," भाऊजी म्हणाले.

टाचणीने चिकटलेल्या सालीवर नख फिरवलं. "टोपलीत कोणी टाकला?"

"मुलाने टाकला असेल."

मुलगा जेवणाच्या टेबलाशी बसला होता. चष्म्यांच्या दुकानात कामाला होता, वेगळ्या घरात राहायचा. तीन दिवस झोपला नसावा.

"मी विष घातलं असं वाटतंय का तुम्हाला?"

"केक उलगडताना काय झालं, एवढंच सांगा."

"काय होणार? लोण्यासारखा सुटला. एक कण फडक्याला चिकटला नाही, कुठे तडा नाही. मीच खूश झालो, आईने काय भारी केलंय म्हणून."

"दिसायला कसा होता?"

"चॉकलेटी. वर जरा पांढरट झाक. पिठीसाखर असते ना, तशी."

"आणि फडकं?"

"पांढरं. म्हणजे... पांढुरकं. फडक्यासारखं फडकं, बाई! मी काय त्याला नंबर काढून देणार होतो?"

"चष्मे विकतो आणि नजर बघा!" आतल्या खोलीतून आवाज आला.

"आत्या, तू गप्प बस."

"ते फडकं नंतर कुठे टाकलंत?" टाचणीने विचारलं.

"ओट्यावर. मग दिसलं नाही. आईने उचललं असेल."

टाचणी आतल्या खोलीत गेली. आत्याबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांसाठी स्वतः चहा ओतला. किटली थरथरत होती, निम्मा चहा बशीत गेला.

"हात असे झालेत," त्या म्हणाल्या, "पण जीभ शाबूत आहे. या घरात सगळे माझ्याकडे बघतायत, माहीत आहे मला. मी म्हणाले होते, थोडं थोडं पोटात गेलं की सवय होते. म्हणाले! घातलं नाही. बोलणारा माणूस करत नाही, एवढी अक्कल पोलिसांनाही असते."

"आम्ही पोलीस नाही," भाऊजी म्हणाले.

"मग निदान अक्कल तरी असेल."

टाचणीने हसू दाबलं. "रविवारी दुपारी तुम्ही काय करत होता?"

"झोपले होते. उठले, टीव्ही लावला. ओट्यावर ते बाळंत्यासारखं गुंडाळलेलं होतं, मी बोटसुद्धा लावलं नाही. दादा आपला आत-बाहेर करत होता, पाणी प्यायला. वहिनीने त्या दिवशी घराचं इस्पितळ करून टाकलं होतं. सगळेच तऱ्हेवाईक. ती पोरगी गव्हाला घाबरते, वहिनी जंतूंना घाबरते आणि आमचा दादा पाण्याला."

"पाण्याला?"

"स्वतःसाठी नव्हे हो, त्याच्या पावाच्या फडक्यासाठी. पाव भाजतो ना तो शेडमध्ये. भाजायच्या आधी गोळा ज्या फडक्यात फुगत ठेवतो ते धुवायचं नाही, नुसतं झटकायचं. पीठ मुरलेलं फडकं असलं की काही चिकटत नाही म्हणे. आई होती तेव्हापासून त्याने पाणी पाहिलेलं नाही. एकदा मी चुकून बादलीत घातलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता! आणि मी म्हणे घाणेरडी."

*

शेडमध्ये गाडी नव्हती. तिच्या जागी भट्टी होती, फळी होती, पिठाची पोती होती, आणि या सगळ्यामध्ये एक आडव्या हाडाचे गृहस्थ उभे होते. ते आयुष्यभर गोदीत क्रेन चालवत होते. वस्तीत सगळे त्यांना क्रेनवाले काका म्हणत. अख्खा ट्रक उचलून अंड्यावर ठेवतील आणि अंडं फुटणार नाही, अशी त्यांची ख्याती होती.

"या. बसायला जागा नाही, पण खायला आहे." त्यांनी पाव कापून भाऊजींच्या हातात दिला. एका बाजूने पावाची साल सोललेली होती, गुडघा खरचटावा तशी.

"ही बाजू कशाने गेली?" भाऊजींनी तोंड भरलेलं असताना विचारलं.

"पीठ सैल झालं. होतं कधी कधी."

"चव मात्र झकास. पावात लिंबू घालता का हो?"

"लिंबू? नाही."

"मला आपला वास आला."

टाचणी फळीजवळ गेली. तिथे एक पांढुरकं फडकं पडलं होतं, साध्या विणीचं, कडेला ओलं पीठ चिकटून सुकलेलं. तिने ते उचललं, नाकाजवळ नेलं आणि होतं तसं ठेवलं.

"घरातून गहू बाहेर काढला, तेव्हा तुम्हाला राग आला होता म्हणे," ती म्हणाली.

"आला होता. लपवलं नाही कधी. माझ्या मुलाच्या लग्नाची मेजवानी आणि ताटात माझा पाव नाही! चार लोकांत बोललो मी तसं. पण नियम पाळला. स्वयंपाकघरात शिरायचं तर शेडचे कपडे बदलायचे, हात कोपरापर्यंत दोनदा धुवायचे. दर वेळी केलं."

"रविवारी दुपारी गेला होता आत?"

"पाणी प्यायला."

"ओंडका बघितला?"

"ओट्यावरच होता. दिसला."

"तुमच्या बायकोकडून चूक झाली असं वाटतं तुम्हाला?"

काकांनी सुरी पुसली. बराच वेळ पुसली. "ती चुकत नाही," ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर भाऊजींनी निकाल दिला. "आत्याबाईच. कबूलच केलंय तिने जवळजवळ. भावाला पुढे करते, पाण्याच्या गोष्टी सांगते. चिमूटभर पीठ घेतलं, दिलं टाकून."

"कुठे टाकलं?"

"केकमध्ये."

"केकच्या कुठे, भाऊजी? भाजायच्या आधी टाकलं असतं तर मुलगी कडा खाऊनच पडली असती. क्रीममध्ये टाकलं असतं तर पट्टीवर दिसलं असतं."

भाऊजींनी गाडी सुरू केली, आणि मग बंद केली. "मग राहिलं काय?"

"गुंडाळी. चला, उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी यायचंय इथे. आणि तुम्ही तो उरलेला पाव खाऊ नका, मला लागणार आहे."

पाव तोवर संपला होता.

*

गुरुवारी सकाळी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं बसले. औषधवाल्या बाई बाहेर जायच्या साडीत, मुलगा, आत्याबाई, आणि दाराजवळच्या खुर्चीत क्रेनवाले काका. टाचणी उभीच राहिली.

"बाई, पहिली गोष्ट. तुमच्या हातून काही झालेलं नाही," ती म्हणाली. "कडा त्याच थराच्या होत्या. त्या खाऊन मुलगी दोन वर्ग पोहली. क्रीम तिने चाटलं आणि तुम्ही तपासलं. म्हणजे तुम्ही घराबाहेर पडलात तेव्हा केक स्वच्छ होता. संध्याकाळी क्रीम लागलं, तेही स्वच्छ. गहू शिरला तो मधल्या वेळात, केक गुंडाळलेला असताना. पण गुंडाळलेल्या केकमध्ये गहू शिरणार कसा? बाहेर होता तुमचा नॅपकिन, आणि त्यावर तर गव्हाचा अंशही नाही."

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग हे बघा." टाचणीने नॅपकिनची पिशवी टेबलावर ठेवली. "याला केकची साल चिकटलीय. तळहाताएवढी. आणि तुमचा मुलगा सांगतो, एक कणसुद्धा चिकटला नाही, लोण्यासारखा सुटला. दोघंही खोटं बोलत नाहीत. नॅपकिन बोलूच शकत नाही, आणि या मुलाला एवढं खोटं सुचणार नाही."

"आभारी आहे," मुलगा म्हणाला.

"तुम्ही ज्यातून केक उलगडलात ते हे नव्हतंच. कोणीतरी तुमच्या आधी गुंडाळी उघडली होती. केक नव्या नॅपकिनला चिकटत होता, फाटत होता. त्या माणसाने तो सोडवला, दुसऱ्या फडक्यात गुंडाळला आणि नॅपकिन धुण्याच्या टोपलीत टाकला. अशा फडक्यात, ज्याला काही म्हणजे काही चिकटत नाही. तुम्हाला केकवर पांढरट झाक दिसली. आईने पिठीसाखर वापरलीच नव्हती. मुलीच्या जिभेला कोरडं, पिठूळ लागलं. तो बदाम नव्हता."

आत्याबाईंचा हात तोंडाकडे गेला. "दादा," त्या म्हणाल्या.

"थांबा, आत्याबाई. आधी तुम्ही यातून कशा सुटता ते सांगते. अर्धवट निवलेला केकचा थर, गव्हाशिवायचा, म्हणजे ताणच नाही त्यात, हात लावला की तुटणारा. तो एका फडक्यावरून दुसऱ्यावर न्यायचा आणि एकही तडा जाऊ द्यायचा नाही. तुमच्या हाताने चहासुद्धा बशीत जातो. हा हात जड वस्तू अलगद ठेवण्यात मुरलेला हवा."

काका जमिनीकडे बघत होते.

"हे चुकून झालं," टाचणी म्हणाली. "त्याबद्दल मला शंका नाही. मुद्दाम करणाऱ्याने पीठ टाकलं असतं, केक वाचवला नसता. तुम्ही कपडे बदललेत, हात धुतलेत, फडकं अंगणात जाऊन झटकलंत. झटकलंत ना?"

"दहा वेळा," काका म्हणाले. "एक कण दिसत नव्हता. हिने एवढी मेहनत घेतलेली. उघडून बघितलं निवला का, तर एका बाजूची साल सुटून आलेली. अजून थोडा वेळ गेला असता तर चिंध्या झाल्या असत्या. मला माहीत होतं कशाला चिकटणार नाही ते. पीठ म्हणजे पोत्यातलं, असंच डोक्यात होतं माझ्या. ते फडकं म्हणजे... फडकं."

"एवढ्यावर थांबला असता तर मला इथे यावंच लागलं नसतं," टाचणी म्हणाली. "पण पुढे काय झालं? फडकं ओट्यावरून परत शेडमध्ये गेलं. ज्या फडक्याला वर्षानुवर्षं पाणी लागू दिलं नाही, त्याला काल धुण्याच्या पावडरीचा वास येत होता. लिंबाचा. भाऊजींना वाटलं पावात लिंबू आहे. आणि धुतल्यामुळे त्याचं मुरलेलं पीठ गेलं, म्हणून कालचा पाव त्याला चिकटला आणि साल निघाली. पीठ सैल नव्हतं. तुम्ही ते फडकं का धुतलंत, काका?"

रस्त्यावरून शाळेची बस गेली.

"इस्पितळातून आलो त्या रात्री कळलं मला," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणाले चिमूटही पुरते. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. सांगणार होतो. पण व्याही आधीच म्हणून गेले होते, तुमच्या घरात कोणाला तरी माझी मुलगी नको आहे. आणि मी चार लोकांत गव्हावरून बोललेलो! कोण मानणार होतं चुकून झालं म्हणून? मला वाटलं, हिचं ठीक आहे. हिला सगळे मानतात. हिच्याकडून चूक झाली म्हटलं तर माफ करतील. मला नसतं केलं."

औषधवाल्या बाईंनी नवऱ्याकडे मान वळवली.

"सोमवारी मी बेसिनपाशी उभी होते," त्या म्हणाल्या. "नखं घासत होते ब्रशने. रक्त आलं. तुम्ही मागे उभे होतात."

"अगं—"

"तुम्ही नळ बंद केलात आणि म्हणालात, झोप आता, होतात चुका. आठवतंय?"

"आठवतंय."

"गव्हाचं मला काही वाटत नाही. गहू मीही एखाद वेळी विसरले असते. पण तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मला म्हणालात, होतात चुका."

काका उठले, पण कुठे जावं हे त्यांना कळेना. मुलाने खिशातून गाडीची किल्ली काढली.

"बाबा, मी सोडतो तुम्हाला तिच्याकडे. आत येणार नाही. बोलायचं तुम्हीच."

"हो," काका म्हणाले. "मीच बोलतो."

दोघं बाहेर पडले. बाईंनी टेबलावरच्या पिशव्या गोळा केल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि टाचणीकडे बघितलं.

"कडू आहे," त्या म्हणाल्या. "पण बरोबर आहे."

*

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा भाऊजी म्हणाले, "पण मेहुणीबाई, त्याने चांगल्यासाठीच केलं ना?"

"फडकं चांगल्यासाठी वापरलं. धुतलं ते स्वतःसाठी."

"माझ्या हातून असं झालं असतं तर मीही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. हिरवा दिवा लागला.

पुढची माहिती मुलाने दुपारी फोनवर दिली. काका व्याह्यांच्या बैठकीत खुर्चीच्या कडेवर बसले आणि सगळं सांगितलं, फडकं कधी घेतलं तिथपासून कधी धुतलं तिथपर्यंत. व्याह्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी मुलीकडे बघितलं. तिने एकच विचारलं, "आईंना हे कधी कळलं?"

"आज सकाळी," काका म्हणाले.

मुलगी उठून आत गेली. थोड्या वेळाने औषधांच्या दुकानातला फोन वाजला. बाईंनी समोरच्या गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं आणि फोन घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या, गिऱ्हाईकाची माफी मागितली आणि त्याची औषधं दिली. दोघी काय बोलल्या, ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही.

क्रेनवाले काका सध्या दुसऱ्या एका बहिणीच्या घरी राहतात. व्याह्यांनी लग्नाच्या हॉलवाल्याला फोन केलेला नाही, तारीख ठेवा म्हणूनही नाही आणि सोडा म्हणूनही नाही.